तेल, पाणी आणि विसण

सकाळी साडेनऊच्या सुमाराला आमच्या घरातलं सगळं थोडा वेळ थांबतं. धाकट्या बहिणीचा मुलगा नऊ आठवड्यांचा झाला आहे आणि ही त्याच्या न्हाण्याची वेळ. न्हाणीघराची खिडकी लावलेली, पंखा बंद. एका बादलीत कढत पाणी, दुसरीत गार. आई पाटावर बसते, पाय लांब पसरते, साडी गुडघ्यांच्या वर ओढून घेते आणि दोन नडग्यांच्या मध्ये जी पन्हळ तयार होते तिच्यात नातवाला निजवते. खोबरेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट केलेली असते. तेल घेतलं की आई आधी स्वतःचे तळवे एकमेकांवर चोळते. "हात गार लागला की लेकरू दचकतं गं," ती बहिणीला सांगते. बांगड्या तिनं आधीच उतरवून खिडकीत ठेवलेल्या असतात.

मग हात सुरू होतो. छातीवरून दोन्ही बाजूंना, खांद्यापासून मनगटापर्यंत, मांडीपासून पावलापर्यंत. पालथं घातलं की मानेपासून कमरेपर्यंत. तोंडानं ती सारखी काहीतरी पुटपुटत असते, त्यातलं निम्मं गाणं असतं आणि निम्मं नातवाशी बोलणं. बाळ आधी पाय झाडतं. दोन-तीन मिनिटांत घट्ट वळलेल्या मुठी सुटतात आणि ते आजीच्या तोंडाकडे टक लावून बघू लागतं.

एक दिवस मी हे सगळं मोबाइलवर टिपलं आणि रात्री निवांत बसून मोजलं. मानेपासून कमरेपर्यंत बाळाची पाठ साधारण सोळा सेंटिमीटर. तेल चोळून झाल्यावर आई शेवटी जो नुसता हात फिरवते, तो ही पाठ चार-पाच सेकंदांत उतरतो. म्हणजे सेकंदाला तीन ते चार सेंटिमीटर. पुन्हा पुन्हा मोजलं, आकडा फारसा हलला नाही. हा आकडा मी आधी एका शास्त्रीय लेखात वाचला होता. आईनं तो लेख वाचण्याचा प्रश्नच नव्हता.

आपल्या कातडीतून मेंदूकडे स्पर्शाच्या दोन वाटा जातात. एक वेगाची. पायाखाली खडा आला, कुणी खांद्याला धक्का दिला, खिशातलं नाणं बोटांनी चाचपलं, की मायलिन नावाच्या स्निग्ध वेष्टणात गुंडाळलेले मज्जातंतू ती बातमी सेकंदाला पन्नासेक मीटर इतक्या वेगानं वर पोचवतात. काय लागलं, कुठे लागलं, किती जोरात, हे सगळं या वाटेनं कळतं. दुसरी वाट सावकाश. तिच्यावरचे तंतू बारीक, वेष्टण नसलेले, सेकंदाला जेमतेम एक मीटर चालणारे. शास्त्रज्ञ त्यांना सी-टॅक्टाइल तंतू म्हणतात. १९३९ साली इंग्वे झॉटरमन या स्वीडिश शास्त्रज्ञानं ते मांजरात पाहिले. माणसात ते नसावेत असंच पुढे बरीच वर्षं मानलं गेलं. नंतर स्वीडनमध्येच जाग्या माणसाच्या एकेका मज्जातंतूत केसासारखी बारीक सुई घालून त्याचे संदेश टिपण्याची पद्धत निघाली आणि १९९० च्या दशकात ते आपल्याही कातडीत असल्याचं स्पष्ट झालं. पाठ, हात, पाय, चेहरा अशा लव असलेल्या त्वचेत ते भरपूर असतात.

हे तंतू कशाला प्रतिसाद देतात? टोचण्याला नाही, चिमट्याला नाही. मऊ ब्रश कातडीवरून फिरवला तर देतात, तोही विशिष्ट वेगानं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ब्रश वेगवेगळ्या वेगांनी फिरवून पाहिला. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर या पट्ट्यात तंतू सर्वांत जोमानं बोलत होते. त्याहून हळू किंवा त्याहून जलद फिरवला की ते मंदावत. ज्यांच्या हातावरून ब्रश फिरत होता त्यांना कोणता स्पर्श छान वाटला हे विचारलं, तर त्यांनीही हाच पट्टा सांगितला. पुढे २०१४ मध्ये याच गटातल्या संशोधकांनी ब्रशऐवजी गरम-गार करता येणारं टोक वापरलं. ते साधारण ३२ अंश सेल्सिअसला, म्हणजे माणसाच्या कातडीच्याच तापमानाला असलं की तंतूंचा प्रतिसाद सर्वांत चांगला. गार टोकाला कमी, फार गरमलाही कमी. आई तेल लावण्याआधी तळवे का चोळते, याचं इतकं नेमकं उत्तर मला दुसरीकडे कुठे मिळालं नाही.

एका बाईच्या आजाराची हकीकत या संशोधनात फार मोलाची ठरली. आजारात तिचे वेगवान तंतू निकामी झाले, सावकाश तेवढे शाबूत राहिले. हाताला साधा स्पर्श झाला तर तिला कळत नसे. पण मऊ ब्रश हळुवार फिरवला की तिला काहीतरी अंधूक आणि सुखाचं जाणवे. कुठून फिरला ते मात्र नीट सांगता येत नसे. तिच्या मेंदूचं स्कॅन केलं तेव्हा इन्सुला नावाचा भाग जागा झालेला दिसला. भूक, धडधड, ऊब, अस्वस्थता अशा आतल्या अवस्थांचं भान तिथे राहतं. कुरवाळण्याची बातमी मेंदूत या शेजाराला जाऊन पोचते.

मला सर्वांत आवडलेला प्रयोग आहे तो आईबापांचा. त्यांना फक्त बाळावरून हात फिरवायला सांगितलं, वेगाबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांचा हात आपसूक त्याच पट्ट्यात फिरला. मग त्याच लोकांना एका कृत्रिम हातावरून हात फिरवायला सांगितलं, तर वेग वाढला. लाकडावरून आणि लेकरावरून आपण वेगळा हात फिरवतो आणि आपल्याला ते ठाऊकही नसतं. दुसऱ्या एका प्रयोगात नऊ महिन्यांच्या बाळांच्या हातावरून ब्रश फिरवला. मधल्या वेगाला त्यांच्या हृदयाचे ठोके संथ झाले, फार हळू आणि फार जलद वेगांना झाले नाहीत. बोलता न येणाऱ्या बाळांनीही आपली पसंती अशी सांगितली.

मराठीत या साऱ्याला किती शब्द आहेत बघा. चोळणं वेगळं, रगडणं वेगळं. चेपणं थकल्या पायांचं. थोपटणं झोपवण्याचं. गोंजारणं रुसलेल्याचं. कुरवाळणं, हात फिरवणं, कवटाळणं, उराशी धरणं, कडेवर घेणं, मांडीवर घेणं. एकाचं काम दुसऱ्यानं होत नाही. शरीरशास्त्रालाही हा भेद मान्य आहे. कुरवाळण्यात सावकाश तंतूंचं काम मोठं, तर तेल चोळताना जो दाब पडतो तो खोलवरच्या दाब ओळखणाऱ्या तंतूंना कळतो. मालिश अगदी हलक्या हातानं केली तर बाळांना ती गुदगुल्यांसारखी वाटते आणि ती चुळबुळतात, मध्यम दाबानं निवतात, असं मालिशीवर संशोधन करणाऱ्या टिफनी फील्ड यांना आढळलं. "हात जड नको आणि चोरटाही नको," हे आईचं वाक्य मी त्यांच्या निष्कर्षाशेजारी लिहून ठेवलं आहे.

फील्ड यांचं नाव आलंच आहे तर त्यांच्या कामाची गोष्ट सांगते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत सॉल शॅनबर्ग आणि त्यांचे सहकारी उंदरांच्या पिलांवर काम करत होते. पिलं आईपासून वेगळी काढली की त्यांची वाढीची रसायनं घटत. दूध देऊन भागत नसे. उंदरीण पिलांना सतत चाटत असते. ओल्या ब्रशानं तसंच जोरकस पुसलं, तेव्हा कुठे वाढ पूर्वपदावर आली. फील्ड यांनी हे माणसाच्या बाळांत करून पाहिलं. त्या काळी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना शक्यतो हात लावू नये, असा रुग्णालयांचा दंडक होता. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अशा वीस बाळांना दहा दिवस, दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं मालिश केली. मालिश न केलेल्या बाळांच्या तुलनेत त्यांचं वजन दिवसाला ४७ टक्के जास्त वाढलं आणि ती सहा दिवस आधी घरी गेली. अन्न दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं.

शहाणी माणसं एके काळी याच्या अगदी उलट सांगत होती. १९२८ साली जॉन वॉटसन या अमेरिकेतल्या नामवंत मानसशास्त्रज्ञानं बालसंगोपनावर पुस्तक लिहिलं. मुलांना मिठीत घेऊ नका, मुके घेऊ नका, मांडीवर बसू देऊ नका, सकाळी हात मिळवलात तरी पुरे, असा त्याचा रोख होता. हे पुस्तक भरपूर खपलं. कितीतरी आयांनी रडणाऱ्या लेकराला उचलायला सरसावलेले हात मागे घेतले असतील, हे मनात आलं की मला आजही कसंतरी होतं. तीस वर्षांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी माकडाच्या पिलांना दोन खोट्या आया दिल्या, एक तारेची, दूध देणारी, आणि एक मऊ कापडाची, दूध नसलेली. पिलं भुकेपुरती तारेकडे जात आणि दिवसातले बहुतेक तास कापडाला बिलगून काढत. प्रयोग क्रूर होता. त्यानं जे सिद्ध झालं ते कुठल्याही घरातल्या दुपट्यानं आधीच सांगितलं असतं.

दुपटं म्हणजे काय, ते आता शहरात समजावून सांगावं लागतं. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्यांचे थर एकावर एक घालून, धावदोरा टाकून बाळासाठी शिवलेली छोटी गोधडी. आमच्या बाळाचं दुपटं त्याच्या पणजीच्या नऊवारीचं आहे. पणजीला जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या पदराचा काठ बाळाच्या हनुवटीखाली येतो.

ऊब ही बाळाच्या बाबतीत जिवाशी बांधलेली गोष्ट आहे. नवजात बाळाचं अंग वजनाच्या मानानं मोठं, कातडी पातळ, चरबी थोडी, त्यामुळे उष्णता भराभर निघून जाते. वजन कमी असेल तर आणखी भराभर. १९७८ च्या सुमारास कोलंबियाची राजधानी बोगोटा इथल्या रुग्णालयात डॉक्टर एडगर रे यांच्यापुढे हाच पेच होता. कमी वजनाची बाळं खूप, काचेच्या उबदार पेट्या थोड्या, एकेका पेटीत दोन-दोन बाळं. त्यांनी बाळाला नुसती लंगोटी आणि टोपडं घालून आईच्या उघड्या छातीवर उभं बांधायला सुरुवात केली. पुढे हेक्टर मार्तिनेस यांनी हे काम वाढवलं. कांगारूच्या पिशवीतल्या पिलासारखं, म्हणून नाव पडलं कांगारू मातृसेवा. गरिबाघरची तडजोड म्हणून बरीच वर्षं या पद्धतीकडे पाहिलं गेलं.

मग २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या पाच रुग्णालयांत तो झाला. भारतातलं केंद्र होतं दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. एक किलो ते १.८ किलोच्या आतल्या वजनाची ३,२११ बाळं. निम्म्यांना जन्मल्यापासूनच आईच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या छातीवर ठेवलं, बाकीच्यांना नेहमीप्रमाणे आधी यंत्रांच्या देखरेखीखाली ठेवून प्रकृती स्थिरावल्यावर आईकडे दिलं. पहिल्या २८ दिवसांत पहिल्या गटातली १२ टक्के बाळं दगावली, दुसऱ्यातली १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मध्येच थांबवावा लागला. छातीवरच्या जागेचा फायदा माहीत असूनही उरलेल्या बाळांना तो नाकारणं बरोबर नव्हतं. पुढच्याच वर्षी संघटनेनं जगभरच्या रुग्णालयांना तशी शिफारस केली.

त्या अभ्यासातली एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. आई दमली, झोपली, तिची तब्येत बरी नसली, तर बाळाला घरातलं दुसरं माणूस छातीशी घेत होतं. आजी, मावशी, आत्या, बाबा. आपल्याकडे महाराष्ट्रात गडचिरोलीच्या गावांनीही हेच वेगळ्या वाटेनं दाखवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९० च्या दशकात ३९ गावांत तिथल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. त्या घरी जाऊन बाळाचं वजन करायच्या, श्वास मोजायच्या, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायच्या, बाळाला गुंडाळून ऊब कशी द्यायची ते शिकवायच्या. तीन वर्षांत त्या गावांतले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं हे प्रसिद्ध केलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येते, तिच्या त्या फेऱ्यांचं मूळ गडचिरोलीत आहे. बाळाची काळजी घेता येणं ही शिकण्याची गोष्ट आहे, आणि शिकेल त्याला ती येते.

शिकण्यात काही टाकूनही द्यावं लागतं. आमच्या आईनं टाकलं, म्हणून हे मी मोकळेपणानं लिहिते. बाळाच्या कानात, नाकात तेल सोडायचं नाही. नवजात बाळाची छाती पिळायची नाही, त्यानं गळू होऊ शकतं. डोळ्यांत काजळ घालायचं नाही, त्यात शिसं असू शकतं. ओवा-शेपांची धुरी देऊन खोली धुरानं भरायची नाही. जन्मल्या-जन्मल्या अंघोळ नको, निदान २४ तास थांबावं, अंगावरचा पांढरा लेप हे त्याचं पहिलं पांघरूण असतं. टाळूवर तेल घातलंत तर हरकत नाही, पण टाळू भरते ती हाडं वाढल्यानं, बहुधा वर्ष ते दीड वर्षाच्या दरम्यान. अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर मालिशीआधी डॉक्टरांना विचारावं. एवढं टाकूनही आईच्या तेल-पाण्यातलं सगळं मोलाचं जागच्या जागी राहिलं.

मागच्या रविवारी बहिणीचा नवरा न्हाणीघराच्या दाराशी येऊन उभा राहिला. आईनं मान वर न करता सांगितलं, "जावईबापू, जरा विसण घाला."

त्यांना शब्द नवा होता. कढत पाणी सोसवेल इतकं निववण्यासाठी त्यात जे गार पाणी घालतात ते विसण. त्यांनी तांब्या उचलला आणि विचारलं, "किती घालू?"

"कोपराला विचारा," आई म्हणाली.

त्यांनी बाही वर करून कोपर पाण्यात बुडवलं. तळहाताची कातडी जाड असते, गरमाला सरावलेली असते, म्हणून तिच्यावर विसंबायचं नाही. कोपराला ना गरम ना गार वाटलं पाहिजे, म्हणजे ते पाणी आपल्या अंगाच्या तापमानाजवळ, ३७ अंशांच्या आसपास आलं. दोन तांबे जास्त झाले, मग एक तांब्या कढत घातलं. तोवर बाळ आजीच्या पायांवर तेलानं चकचकत पडून होतं. शेवटी मान धरून, कपाळावर आडवा हात ठेवून डोळ्यांत पाणी जाऊ न देता त्याच्या डोक्यावर पहिला तांब्या ओतला तो बाबांनी. आई नुसती बघत होती. तिचे हात मात्र बाळाच्या दोन्ही बाजूंना तयार होते.

रात्रीचं खातं बाळाच्या बाबांकडे आधीपासूनच आहे. बाळ रडायला लागलं की ते त्याला खांद्यावर टाकून हॉलमध्ये येरझाऱ्या घालतात. जपानमधल्या रिकेन संस्थेच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं, की उचलून चालायला लागलं की काही क्षणांत बाळाचं रडणं, हातपाय हलवणं आणि हृदयाची गती तिन्ही उतरतात. नुसतं घेऊन बसल्यानं तसं होत नाही. उंदरिणीनं मानगूट धरून उचललेलं पिलूही असंच निपचित होतं. त्याच गटाच्या २०२२ च्या अभ्यासातून एक कामाची गोष्ट निघाली. रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं सलग चालावं, झोपलं की लगेच खाली ठेवू नये, पाच ते आठ मिनिटं तसंच घेऊन बसावं, मग निजवावं. अंगावरून सुटण्याच्या त्या क्षणी बाळाचं हृदय एकदम जागं होतं, म्हणून हे थांबणं. दाराशी वळताना चाल तुटू द्यायची नाही, हे बहिणीच्या नवऱ्यानं स्वतःच शोधून काढलं आहे.

मुलं मोठी होतात तसे हे हात कमी होत जातात. आधी अंघोळ सुटते, मग वेणी, मग रस्ता ओलांडताना धरलेलं बोट. आपल्याकडे वर्षातून एक पहाट मात्र राखून ठेवलेली आहे. नरकचतुर्दशीला अंधारात उठवून आई पाटावर बसवते, मग मुलगा कॉलेजात असो की चाळिशीचा. डोक्यावर तेल, पाठीला तेल, मग उटणं. त्या पहाटे कुणी लाजत नाही.

पण त्या पाटावर आई स्वतः कधी बसलेली मी पाहिली नव्हती. सावकाश तंतू म्हातारपणी संपत नाहीत. वयाबरोबर बाकीचा स्पर्श बोथट होत गेला तरी हळुवार हाताचं सुख कमी होत नाही, उलट वाढतं, असं २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं आहे. आणि नेमक्या त्याच वयात माणसाला हात लावणारं कुणी उरत नाही. गेल्या दिवाळीला मी आईला पाटावर बसवलं. "मला काय करायचंय गं," असं म्हणत ती बसली. तळवे चोळून मी तिच्या पाठीवर तेल लावायला घेतलं, आणि थोड्या वेळानं तिची मान हळूहळू पुढे झुकली, बाळाची झुकते तशी.

तुमच्या घरात आजी असेल, आई असेल, वडील असतील, तर येत्या दिवाळीची वाट बघू नका. या रविवारी वाटीभर खोबरेल कोमट करा. त्यांना पाटावर किंवा खुर्चीवर, जिथे बसवेल तिथे बसवा. पाणी तापवा, कोपर बुडवून बघा आणि लागेल तेवढं विसण घाला.